उशाशी रेडिओ, पाळीवर घड्याळ : भोसरी परिसरातील एका घरगुती यंत्राचा इतिहास

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्याचा इतिहास लिहिताना कारखान्यांच्या स्थापनेची वर्षे, संपादित झालेल्या जमिनी, कामगार संघटना आणि वेतनकरार यांचा ऊहापोह विस्ताराने होतो. मात्र कारखान्याच्या वेळापत्रकाने कामगाराच्या घरातली पहाट आणि रात्र कशी बदलली, याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. हा बदल ज्या वस्तूंवरून वाचता येतो, त्यांत उशाशी ठेवलेल्या रेडिओचे स्थान मोठे आहे. त्यातही वेळ आकड्यांत दाखवणारा, ठरल्या क्षणी आपोआप सुरू होणारा आणि घरच्या विजेवर चालणारा डिजिटल घड्याळ-रेडिओ विशेष लक्षणीय ठरतो. हे यंत्र प्रत्येक घरात नव्हते आणि खिशातल्या ट्रान्झिस्टरइतके ते कधीही सार्वत्रिक झाले नाही. परंतु कारखान्याची पाळी, आकाशवाणीची प्रसारणवेळ आणि विजेचा पुरवठा ही तीन स्वतंत्र वेळापत्रके त्याच्या ठायी एकत्र येत असल्यामुळे ते लावणे आणि त्याच्यासह राहणे म्हणजे या तिन्हींचा रोज मेळ घालणे होते.

हवेली तालुक्यातील भोसरी हे शेतीवर जगणारे गाव असताना पुण्यात आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले, ते २ ऑक्टोबर १९५३ रोजी. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या ‘गीतरामायणा’ची छप्पन्न गीते १९५५-५६ मध्ये याच केंद्रावरून क्रमाने प्रसारित झाली आणि रेडिओला मराठी घरात मानाचे स्थान मिळाले. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने पुण्याहून ‘शेतकरी श्रोतामंडळां’चा प्रयोग झाला, त्यात पुणे जिल्ह्यासह पाच जिल्ह्यांतील १५० गावांतून गावकऱ्यांचे गट एकत्र बसून कार्यक्रम ऐकत आणि त्यावर चर्चा करीत. त्या काळातील ग्रामीण श्रवणाचे मुख्य रूप असे सामुदायिक होते. रेडिओ चावडीत, शाळेत किंवा एखाद्या सधन घराच्या ओसरीवर असे आणि त्याची वेळ सर्वांची मिळून ठरलेली असे. एकट्याच्या उशाशी, एकट्याच्या वेळेला रेडिओ लागावा, ही गरज शेतीच्या दिनक्रमाने निर्माण केलेली नव्हती.

ती गरज कारखान्यांनी निर्माण केली. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना आला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि भोसरीच्या शेतजमिनींवर औद्योगिक वसाहतीचे भूखंड पडले. आकुर्डीत बजाज ऑटो आणि पिंपरी-चिंचवडमध्ये टेल्को उभी राहिली, आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यांची दाटी भोसरीत झाली. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही गावे एकत्र करून १९७० मध्ये नगरपालिका स्थापन झाली आणि १९८२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने प्रौढ कामगाराच्या कामाला आठवड्यास ४८ तासांची मर्यादा घातली होती. परंतु यंत्रे अखंड चालवायची तर दिवसाचे तीन भाग करणे क्रमप्राप्त होते, आणि त्यातून पहिली पाळी, दुसरी पाळी व रातपाळी हे चक्र रूढ झाले. पाळी आठवड्या-पंधरवड्याने बदलत असल्यामुळे कामगाराची झोपही तितक्याच वेळा जागा बदलत असे. पहिल्या पाळीसाठी सकाळी सातच्या आत यंत्रापाशी उभे राहायचे तर कंपनीची बस त्याआधी गाठावी लागे आणि डबा त्याहूनही आधी तयार व्हावा लागे, म्हणजेच घरातील स्त्रीला चार-साडेचारला उठावे लागे. अधिनियमाने स्त्रियांना कारखान्यातील रात्रीच्या कामापासून दूर ठेवले असले, तरी पाळीच्या वेळापत्रकातून घरातील स्त्रिया सुटल्या नव्हत्या.

या काळात रेडिओही स्वरूप बदलत होता. निर्वात नळ्यांवर, म्हणजे काचेच्या तापणाऱ्या ‘व्हॉल्व्हां’वर चालणाऱ्या जड संचांची जागा ट्रान्झिस्टरच्या लहान संचांनी घेतली आणि भिंतीवरच्या फळीवरून रेडिओ उशाशी आला. १९३३ च्या बिनतारी तारायंत्र अधिनियमानुसार रेडिओ बाळगण्यास परवाना लागे आणि त्याचे शुल्क टपाल कार्यालयात भरावे लागे. हे बंधन १९८० च्या दशकात उठले. विविध भारती १९५७ पासून सुरू होती आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथे तिच्यावर जाहिराती प्रसारित होऊ लागल्या. त्यामुळे हलकीफुलकी गाणी ऐकत झोपी जाण्याची सवय कामगार वस्त्यांतही रुजली.

डिजिटल घड्याळ-रेडिओ या परंपरेत उशिरा आला. १९९१ च्या आर्थिक उदारीकरणापूर्वी असे संच बहुतांशी परदेशाहून येणाऱ्या नातेवाइकांच्या सामानातून येत. त्यांची रचना थोडक्यात अशी : आत रेडिओ आणि घड्याळ हे दोन स्वतंत्र भाग असतात, घड्याळाचा भाग एका एकात्मिक परिपथावर, म्हणजे अनेक विद्युतघटक एकाच चकतीवर सामावणाऱ्या ‘चिप’वर चालतो, समोर लाल किंवा हिरव्या प्रकाशरेषांनी आकडे उमटतात, आणि गजराच्या वेळी कर्कश घंटी वाजवायची की रेडिओ सुरू करायचा, हे एका खटक्याने ठरवता येते. ‘स्लीप’ ही कळ दाबल्यास रेडिओ सुमारे तासाभराने आपोआप बंद होतो, आणि ‘स्नूझ’ ही कळ दाबल्यास गजर काही मिनिटे, बहुधा नऊ मिनिटे, पुढे ढकलला जातो.

यंत्राची ही सोय भोसरीत पहिल्यांदा अडली ती प्रसारणाच्या वेळेपाशी. आकाशवाणीची पहिली सभा पहाटे सहाच्या सुमारास, वॉल्टर कॉफमन यांनी रचलेल्या संकेतधुनीने सुरू होत असे. रात्री अकराच्या आसपास प्रसारण संपले की पहाटेपर्यंत त्या जागी केवळ खरखर उरे. पहिल्या पाळीच्या कामगाराने पहाटे पाचचा गजर रेडिओवर लावला, तर त्याला जाग येई ती खरखरीने. म्हणून त्याला घंटीचाच खटका पसंत करावा लागे. मध्यरात्रीनंतर घरी पोचणाऱ्या दुसऱ्या पाळीच्या कामगारालाही झोपण्यापूर्वी ऐकायला जवळचे केंद्र उरत नसे. रेडिओने उठण्याचे सुख प्रत्यक्षात मिळे ते साडेआठ-नऊला कार्यालयात जाणाऱ्यांना, आणि सुटीच्या दिवशी.

दुसरी अडचण विजेची होती, आणि ती अधिक खोल होती. विजेवर चालणाऱ्या या घड्याळांना स्वतःचा काटेकोर ठोका नसतो; प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह दर सेकंदाला जितक्या वेळा दिशा बदलून आवर्तन पूर्ण करतो, ती आवर्तने मोजून ती वेळ ठरवतात. भारतात ही संख्या ५० आणि अमेरिकेत ६० असते. अमेरिकेहून आणलेला संच ११० व्होल्टचा असल्यामुळे त्याला दाब कमी करणारा ‘स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर’ जोडला जाई. पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत तो मिळे आणि रेडिओ व्यवस्थित बोलू लागे. मात्र ट्रान्सफॉर्मर दाब बदलतो, आवर्तनांची संख्या बदलत नाही. परिणामी ६० आवर्तनांना एक सेकंद मानणारे घड्याळ दर तासाला दहा मिनिटे मागे पडे. रात्री दहाला अचूक लावलेल्या अशा घड्याळात पाच वाजत, तेव्हा बाहेर सकाळचे ६ वाजून २४ मिनिटे झालेली असत आणि कंपनीची बस केव्हाच निघून गेलेली असे. काही संचांच्या मागे किंवा तळाशी ५० व ६० असा खटका असे, काहींत दुरुस्ती करणारा कारागीर चिपची एक जोडणी बदलून देई. ज्या संचांत यांपैकी काहीच शक्य नसे, ते घड्याळ झाकून नुसते रेडिओ म्हणून वापरावे लागत.

भारतासाठी बनवलेल्या संचांचीही या बाबतीत सुटका नव्हती. मागणीच्या मानाने निर्मिती अपुरी पडली की विजेच्या जाळ्यातील आवर्तने ५० च्या खाली घसरतात. ती दिवसभर ४९ राहिली, तर असे घड्याळ चोवीस तासांत सुमारे २९ मिनिटे मागे पडते. जुलै २००२ मध्ये पश्चिम विभागात वीजवापराला आवर्तनांशी निगडित दर लावणारी पद्धत लागू झाली आणि या घसरणीला आळा बसला. याखेरीज वीज जाणे हा नित्याचा अनुभव होता. विजेचा भार आठवडाभर विभागण्यासाठी निरनिराळ्या औद्योगिक क्षेत्रांना निरनिराळे सुटीचे वार नेमून दिले गेले आणि त्यातूनच या पट्ट्यात गुरुवार हा सुटीचा वार झाला. कामगाराचा आठवडा रविवारऐवजी गुरुवारी संपू लागला. वीज परत आली की घड्याळावर बारा हा आकडा उघडझाप करू लागे, आणि वेळ व गजर दोन्ही नव्याने लावावे लागत. हे टाळण्यासाठी संचाच्या पोटात नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी बसवण्याची सोय असे. ती आकडे उजळत ठेवत नसे, केवळ मोजणी चालू ठेवत असे, आणि तीही ढोबळ ठोक्यावर. २००५ नंतर राज्यात भारनियमन तीव्र झाले, तेव्हा पुणे व पिंपरी-चिंचवडमधील उद्योगांनी आपले जनित्रसंच जास्त मागणीच्या वेळी चालवून शहराचे भारनियमन टाळण्याची योजना २००६ मध्ये अमलात आणली. कारखान्यांच्या जनित्रांनी कामगाराच्या घरातले घड्याळ चालू ठेवल्याचे हे विरळ उदाहरण आहे.

तिसरा प्रश्न केंद्र पकडण्याचा होता, आणि तो सर्वांत कमी ओळखला गेला. सुईच्या रेडिओत सुई कोठेही थांबवता येते. डिजिटल संच मात्र ठरावीक अंतराच्या पायऱ्यांनी पुढे सरकतो आणि दोन पायऱ्यांच्या मध्ये उभा राहू शकत नाही. मध्यम लहरींवरील केंद्रांची जिनिव्हा येथे १९७५ मध्ये ठरलेली आखणी नोव्हेंबर १९७८ मध्ये अमलात आली. त्यानुसार भारतासह आशिया, आफ्रिका आणि युरोपात केंद्रांमधील अंतर ९ किलोहर्ट्झ झाले. पुणे केंद्राची ७९२, मुंबईच्या अस्मितावाहिनीची ५५८ आणि मुंबईच्याच दुसऱ्या वाहिनीची १०४४ ही तिन्ही स्थाने नऊच्या पाढ्यात बसतात. अमेरिकेत ही पायरी १० किलोहर्ट्झची असल्यामुळे तिकडचा संच ७९० वर थांबतो आणि पुढच्या दाबाला थेट ८०० वर जातो. पुणे केंद्र ऐकू येते, पण फाटलेल्या आवाजात. एफएमवरही हीच गत झाली. अमेरिकी संच १००.९ वरून एकदम १०१.१ वर उडी घेतो, आणि पुण्याच्या विविध भारतीचे १०१ हे स्थान नेमके मधे राहून जाते. याउलट पुढे आलेल्या खासगी वाहिन्यांची ९१.१, ९३.५, ९४.३ आणि ९८.३ ही स्थाने विषम दशांशाची असल्यामुळे त्या संचावर स्वच्छ लागतात. केवळ पायरीच्या अंतरामुळे सार्वजनिक प्रसारण अस्पष्ट आणि व्यापारी प्रसारण सुस्पष्ट व्हावे, हा यंत्रनिर्मात्यांचा हेतू नव्हता; परंतु ज्या घरात खटका बदलला गेला नाही, तेथे परिणाम तोच झाला. अनेक संचांत ९ व १० यांमधील निवड तळाच्या खटक्याने किंवा दोन कळा एकत्र दाबून करता येते, ही माहिती पुस्तिकेत असे आणि पुस्तिका बहुधा खोक्याबरोबर टाकून दिली जाई.

भोसरीतील निवासाचे स्वरूपही श्रवणावर परिणाम करीत होते. मराठवाडा, खानदेश आणि विदर्भातून आलेल्या तरुणांनी गावठाणालगतच्या भाड्याच्या खोल्या भरल्या. ‘कॉट बेसिस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यवस्थेत भाडे खोलीचे नसून एका खाटेचे असते आणि शेजारच्या खाटेवरचा भाडेकरू वेगळ्या पाळीचा असू शकतो. अशा खोलीत एकाचा गजर ही दुसऱ्याची मोडलेली झोप असे, त्यामुळे आवाज बारीक ठेवणे, संच उशीखाली घेणे किंवा कानात इअरफोन घालणे हा सहजीवनाचा अलिखित नियम झाला. पत्र्याच्या खोल्यांत धातूच्या आवरणामुळे लहरी अडत, म्हणून संच खिडकीकडे सरकवून त्याची लोंबती तार बाहेरच्या बाजूला पसरावी लागे. वेल्डिंग आणि मोटारींच्या ठिणग्यांतून उठणारी विद्युतखरखर मध्यम लहरींत थेट मिसळते, तर एफएममध्ये ध्वनी लहरीच्या उंचीऐवजी तिच्या वारंवारितेतील बदलांत साठवलेला असल्यामुळे ती बरीचशी गाळली जाते. कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्यांना एफएमचे स्वागत करण्यास हे कारण पुरेसे होते. 

२००१ पासून देशात खासगी एफएम वाहिन्या सुरू झाल्या, पुढे पुण्यातही आल्या, आणि रात्रभर चालणाऱ्या प्रसारणामुळे पहाटे पाचचा रेडिओ-गजर प्रथमच सार्थ झाला. त्याच दशकात वर्ल्डस्पेस या कंपनीने उपग्रहावरून डिजिटल ध्वनिप्रसारण देऊ केले. त्यासाठी खिडकीत छोटी ॲंटेना आग्नेयेच्या आकाशाकडे रोखावी लागे, आणि २००९ च्या अखेरीस ती सेवाच बंद पडल्याने ते संच निकामी झाले. त्यानंतर मोबाईलने गजर, घड्याळ आणि रेडिओ ही तिन्ही कामे स्वतःकडे घेतली. त्याला विजेची आवर्तने मोजावी लागत नाहीत आणि वीज गेली तरी वेळ चुकत नाही.

घड्याळ-रेडिओची उपयुक्तता अशी ओसरली असली, तरी स्थानिक आवाजाची निकड ओसरलेली नाही. पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातमीपत्र छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा निर्णय जून २०२३ मध्ये पुढे आला, तेव्हा त्याला झालेल्या विरोधामुळे तो स्थगित करावा लागला. सकाळच्या बातम्यांवर दिवस बेतणारा श्रोता अजून आहे, हे त्यातून सिद्ध झाले. औद्योगिक नगरीने आपल्या कारखान्यांच्या इतिहासाइतकीच कामगारांच्या घरांतील वस्तूंच्या इतिहासाचीही काळजी वाहिली पाहिजे. ज्या घरांत असे संच अद्याप आहेत, त्यांनी ते भंगारात देण्यापूर्वी तळाची पट्टी वाचावी, आणि संच कोणी, कोठून, कोणत्या साली आणला व तो कोणत्या पाळीसाठी लावला जात असे, एवढे तरी लिहून ठेवावे. भोसरीतल्या तीन पाळ्यांच्या जीवनाचा पुरावा कारखान्यांच्या दप्तरांत मिळणार नाही, तो या नोंदींतूनच उभा राहील.