स्वातंत्र्यसैनिक गेल्यावर त्याच्या पेन्शनचं काय होतं?

मंडळी, नोकरीवाला माणूस गेला की बायकोला फॅमिली पेन्शन आणि दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला, हे आपल्याला माहीत असतं. आज जरा वेगळ्या पेन्शनबद्दल, स्वातंत्र्यसैनिकाच्या. आणि त्यासाठी बीडला जायला हवं.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होतं. शेजारचा नगर जिल्हा मात्र निजामाच्या हद्दीबाहेरचा. लढ्यातली पोरं तुरुंगात गेली किंवा हद्द ओलांडून सीमेवरच्या कॅम्पात. तुरुंगात गेलेल्याची नोंद राहते. भूमिगत माणसाची कुठे राहणार? तो काय हजेरीपटावर सही करून रझाकारांशी लढायला निघत होता?

लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ. हे एकेकाळी अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेचे मुख्याध्यापक. ते २२ जानेवारी १९७२ ला वारले आणि केंद्राची पेन्शन योजना आली १५ ऑगस्ट १९७२ ला! अर्थात संन्यासी माणूस, मागे दावा सांगायला कुणी नव्हतं.

बाकीच्यांच्या मागे संसार होते. केंद्राच्या योजनेत सैनिक गेला की पेन्शन पत्नीकडे जाते, तिच्यानंतर अविवाहित, बेरोजगार मुलींकडे. आईवडील अवलंबून असतील तर त्यांचाही विचार होतो. मुलाला काही नाही. (हे गावाकडे सांगून बघा, कुणाला पटत नाही.) सैनिकाने हयातीत अर्जच केला नसेल तर विधवाही तो करू शकते.

खरी गोम इथेच आहे. पत्नीचा हक्क नवऱ्याच्या पुराव्यावर उभा. राज्य सरकारच्या ४ जुलै १९९५ च्या जीआरप्रमाणे भूमिगतासाठी निदान दोन वर्षं तुरुंग भोगलेल्या दोन सैनिकांची शिफारस लागते. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळी सिस्टीम दोन सह्यांवर विश्वास ठेवून चालते. मग सह्या मिळवणारेही तयार झाले. बीड जिल्ह्यातली अशी ३५४ प्रकरणं सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. ऑगस्ट २००५ मध्ये कोर्टाने निवृत्त न्यायमूर्ती ए. बी. पालकरांना चौकशी करायला सांगितलं. आयोगाने त्यातली बहुतेक बोगस ठरवली.

आता खऱ्या सैनिकाच्या म्हातारीचा विचार करा. नवरा गेला, शिफारस देणारे दोघेही गेले. लग्न कदाचित लढा संपल्यावर झालेलं, त्यामुळे कोणता कॅम्प, कोणता नाका, हे तिला ऐकूनच माहीत. उलटतपासणीत ती काय सांगणार? पेन्शन आली तशी नवऱ्यावरचा संशयही तिच्याकडेच आला. नवऱ्याचीच पेन्शन रद्द झाली तर हिचीही गेली.

गंमत बघा, याच कोर्टाने २००१ मध्ये गुरदयाल सिंग खटल्यात म्हटलं होतं की इतक्या वर्षांनी फौजदारी खटल्यासारखा काटेकोर पुरावा मागू नका, शक्यता पाहा. मला दोन्ही निकाल बरोबर वाटतात. पण तहसीलात टेबलामागे बसलेला कारकून कुठला वाचतो यावर त्या बाईचं सगळं अवलंबून. आणि बोगस यादी गाजल्यावर कुठला कारकून सैल हाताने सही करेल?

पत्नीही गेली, शेवटच्या अविवाहित मुलीचं नावही कमी झालं, की फाईल बंद. नातवंडांकडे उरतो तो ताम्रपट, मिळाला असेल तर.