खाडीपुराचे शहर आणि हातावर मावणारा संगणक

एटीएम कार्डाएवढ्या एकाच फलकावर प्रोसेसर, मेमरी आणि जोडणीच्या सर्व खाचा बसवलेला संगणक म्हणजे एकफलकी संगणक. त्याला पडदा, कळफलक वा पेटी सोबत येत नाही. घरातील टीव्ही हाच त्याचा पडदा आणि मेमरी कार्ड हीच त्याची साठवण. या प्रकारातील सर्वांत परिचित नाव ‘रास्पबेरी पाय’चे. केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्रासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांना प्रोग्रामिंगचा सराव पूर्वीसारखा राहिलेला नाही, हे एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जाणवले. मुलांना मोडतोडीची भीती न बाळगता हाताळता येईल असा स्वस्त संगणक करावा, या विचारातून २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ३५ डॉलरचा हा फलक विक्रीस आला. २०१५ मध्ये पाच डॉलरचा ‘झिरो’ आला. भारतात पोहोचेपर्यंत किंमत वाढते, शिवाय वीजपुरवठ्याचा अडॅप्टर, कार्ड आणि डबी वेगळी घ्यावी लागते, हे खरेदीपूर्वी ध्यानात ठेवलेले बरे.

हौशी लोक घरी या संगणकाचा उपयोग चित्रपट पाहण्यासाठी, छायाचित्रे साठवण्यासाठी किंवा घरातील सर्व फोनवरच्या जाहिराती एकाच ठिकाणी अडवण्यासाठी करतात. ही कामे जुना लॅपटॉपही करू शकतो. लॅपटॉपला न जमणारी गोष्ट फलकाच्या कडेला असते. २०१४ पासूनच्या बहुतेक फलकांवर तेथे ४० पिना असून त्यांना दिवा, भोंगा, तापमापक किंवा पाण्याची पातळी ओळखणारा स्विच थेट जोडता येतो. येथे संगणकाचा संबंध घराच्या भिंतींशी आणि बाहेरच्या हवापाण्याशी येतो.

सुरतेत या पिनांना प्रथम जोडावे असे काही असेल, तर ते पाणी. तापी मध्य प्रदेशातील मुलताई येथे उगम पावते, खानदेशातून वाहते आणि उकाई धरण ओलांडून सुरतेजवळ समुद्राला मिळते. भुसावळजवळच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी म्हणूनच सुरतेतही कान देऊन ऐकली जाते. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने शहराचा बहुतांश भाग बुडाला होता. धरण पूर्ण भरल्याची खूण ३४५ फुटांची आहे आणि पावसाळ्यात तिच्याकडे शहराचे लक्ष असते.

मात्र सुरतेचा दुसरा पूर उकाईच्या आकड्यात दिसत नाही. शहरातून वाहणाऱ्या ओढ्यांना तेथे खाडी म्हणतात. शहरात आणि आसपास जोराचा पाऊस झाला की या खाड्या फुगतात आणि लिंबायत, पर्वत पाटिया यांसारख्या भागांत पाणी शिरते. यालाच खाडीपूर म्हणतात. लिंबायत, उधना, डिंडोली हा खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांचा पट्टा आहे. महापालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती मराठी माध्यमाच्याही शाळा चालवते, यावरून या वस्तीचा आकार लक्षात यावा. धरणातून विसर्ग होणार असल्यास तो आधी जाहीर होतो. गल्लीतले पाणी मात्र रात्री दोन वाजता कोणत्या पायरीपर्यंत आले आहे, हे कोणतेही खाते सांगू शकत नाही. घरगुती प्रकल्पाला खरा अर्थ येतो तो येथे.

त्याची रचना साधी आहे. टाकी भरल्यावर मोटर बंद करण्यासाठी वापरतात तसले, पण लहान आकाराचे दोन-तीन फ्लोट स्विच घ्यावेत. एक गटाराच्या काठाशी, दुसरा पहिल्या पायरीशी आणि तिसरा विजेच्या मीटरच्या बराच खाली बसवावा. पाणी चढले की तरंगता भाग वर येतो, परिपथ जुळतो आणि संगणक भोंगा वाजवून घरच्यांच्या फोनवर संदेश पाठवतो. पाण्याची पातळी सेंटिमीटरमध्ये हवी असल्यास ध्वनिलहरींचा संवेदक वापरतात. एक मीटर खालच्या पाण्यावर आपटून परत यायला ध्वनीला सेकंदाचे सुमारे सहा हजारांश लागतात आणि त्यावरून अंतर निघते. स्वस्त संवेदक पाच व्होल्टचा संकेत परत पाठवतो, तर रास्पबेरी पायच्या पिना ३.३ व्होल्टच्याच असतात. मध्ये दोन रोध न घातल्यास फलक जळण्याचा धोका असतो. नवशिक्यांचे फलक अशाच चुकांनी निकामी होतात. खाडीपुरासाठी फ्लोट स्विचच अधिक भरवशाचा म्हणावा लागेल. दमट हवेत संवेदकाच्या तोंडावर थेंब साचले की त्याचे आकडे भरकटतात. फ्लोट स्विचला प्लास्टिकच्या पिशव्या अडकतात, म्हणून तो भोके पाडलेल्या पीव्हीसी नळीत ठेवावा. लाटेने तो वरखाली झाल्यास खोटी सूचना जाऊ नये, यासाठी संकेत अर्धा मिनिट टिकला तरच संदेश पाठवावा, अशी आज्ञा प्रोग्राममध्ये असावी.

वीज हा या मांडणीचा दुबळा दुवा आहे. पाणी शिरलेल्या भागात वीजपुरवठा सुरक्षेसाठी बंद केला जातो, म्हणजे यंत्राची गरज असते तेव्हाच ते झोपते. काही वॅटवर चालणाऱ्या या संगणकाला राउटरसाठी मिळतो तसा छोटा यूपीएस पुरतो. तो पाच व्होल्ट देणारा हवा आणि राउटरलाही बॅटरीचा आधार हवा. अचानक वीज गेल्यास मेमरी कार्डावरील नोंदी बिघडतात, हे दुसरे कारण. २३० व्होल्टच्या मोटरला रिले जोडायचा असेल तर ते काम वायरमनकडेच द्यावे. किनाऱ्याची खारट, दमट हवा पिनांना गंज चढवते. गोव्यात असा प्रयोग करणाऱ्यांनाही डबीत सिलिका जेलची पुडी ठेवावी लागेल.

शिकण्याची साधने मराठीतही आहेत. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात संगणकविषयक पाठ मराठी आवाजात ऐकता येतात. गोव्यात शासनाच्या कोडिंग व रोबोटिक्स योजनेमुळे सहावी ते आठवीच्या मुलांना या विषयाची तोंडओळख शाळेतच होते. पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात तर २००२ मध्येच फॅब लॅब सुरू झाली होती. ग्रामीण मुलांनी आपल्या गरजेची उपकरणे आपणच घडवावीत, हा तिचा उद्देश.

घरगुती यंत्र अधिकृत इशाऱ्याची जागा घेऊ शकत नाही. स्थलांतराची सूचना आली असता भोंगा वाजण्याची वाट पाहणे धोक्याचेच. याहून सूक्ष्म धोका यंत्राच्या मौनाचा असतो. बंद पडलेले यंत्र आणि कोरडी गल्ली, दोन्हींचा संदेश एकच, म्हणजे काहीच नाही. म्हणून जाणकार हौशी यंत्राकडून रोज ठरलेल्या वेळी ‘चालू आहे’ एवढा एक संदेश मागवतात आणि महिन्यातून एकदा फ्लोट हाताने वर उचलून भोंगा वाजतो का ते पाहतात. सकाळी आठचा संदेश आला नाही, तर पाऊस असो वा नसो, आधी गटाराशी जाऊन तार तपासायची.