राखेचे सिमेंट आणि खाडीचे पाणी

मुरूडच्या समुद्रात, कासा नावाच्या खडकावर, शिवाजी महाराजांनी पद्मदुर्ग बांधला तो जंजिऱ्याच्या सिद्दीला वचक बसावा म्हणून. सिद्दी काही तेथून हलला नाही. पण त्या तटाने एक निराळीच लढाई आजवर चालविली आहे. जवळ जाऊन पाहावे तर तटाचे दगड खारट पाण्याने खाऊन वाटीसारखे आत गेलेले दिसतात आणि त्यांना सांधणाऱ्या चुन्याच्या रेघा मात्र मधमाश्यांच्या पोळ्याच्या कडांप्रमाणे बाहेर उभ्या आहेत. दगड विरला आणि चुना राहिला! काळ्या पाषाणाची थोरवी आपण उगीचच गात आलो की काय, असे वाटू लागते.

कारण सांगता येते. समुद्राचे पाणी दगडाच्या बारीक छिद्रांत शिरते, उन्हाने आटते आणि मागे उरलेल्या मिठाचे खडे छिद्रांत वाढून दगडाला कणाकणाने फोडतात. ज्या पदार्थात पाणीच शिरत नाही, किंवा शिरूनही त्याला फोडता येत नाही, तो टिकतो. सगळे रहस्य एवढ्यात आहे. बाकीचा इतिहास हे रहस्य विसरण्याचा आणि पुन्हा शोधण्याचा आहे.

नुसता चुना हवेत घट्ट होतो, पाण्याखाली होत नाही. म्हणून आपले गवंडी घाणीत चुना मळताना त्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड घालीत. रोमन लोक हेच काम ज्वालामुखीच्या राखेकडून करवून घेत. नेपल्सजवळच्या पोझ्झुओली गावच्या ह्या राखेवरून अशा सर्व पदार्थांना पोझोलाना हे नाव पडले. राखेत आणि भाजलेल्या मातीत जी सिलिका असते, ती मोकळ्या चुन्याला पकडते आणि दोहोंचा मिळून एक पाण्यात न विरघळणारा, दगडासारखा पदार्थ बनतो. आमच्या गवंड्याला सिलिका हा शब्द ठाऊक नव्हता. पण भिंत पावसाळ्यात टिकते की नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते.

१८२४ साली इंग्लंडात जोसेफ अ‍ॅस्पडिन ह्या गवंड्याने पोर्टलँड सिमेंटचे पेटंट घेतले. आपल्याकडे १९१४ साली पोरबंदरच्या कारखान्यातून सिमेंट निघू लागले आणि पुढे पन्नास वर्षांत चुन्याच्या घाण्या ओस पडल्या. सिमेंट आले, आता चुन्याचे काय काम, असा समज झाला. तो समज मुळातच फसवा होता. सिमेंट पाण्याशी संयोग पावते तेव्हा स्वतःच मोकळा चुना बाहेर टाकते. घट्ट झालेल्या सिमेंटमध्ये सुमारे पाचवा हिस्सा हाच असतो. हा चुना म्हणजे घराची उघडी राहिलेली मागील दारची कडी. समुद्राच्या पाण्यातली आणि कारखान्यांच्या सांडपाण्यातली सल्फेटे तेथूनच आत येतात, सिमेंटमधल्या अ‍ॅल्युमिनाच्या क्षारांशी मिळतात आणि सुईसारखे स्फटिक वाढवून काँक्रीटला आतून तडे पाडतात. जर्मन रसायनज्ञ मिखाएलिस ह्याने १८९२ साली ह्या स्फटिकाला ‘सिमेंटचा जंतू’ म्हटले. नाव शोभते.

आणखी एक शत्रू आपण स्वतःच आत नेऊन ठेवला: लोखंड. पद्मदुर्गाच्या तटात सळई नाही, हे त्याच्या आयुष्याचे गणित मांडताना विसरून चालणार नाही. काँक्रीटच्या क्षारधर्मामुळे सळईला एरव्ही गंज लागत नाही. पण मीठ तिथवर पोचले की ते संरक्षण तुटते, गंज फुगतो आणि वरचे काँक्रीट ढलपे होऊन पडते. १९७३ साली ठाण्याच्या खाडीवर वाशीचा पूल झाला. आम्हां पनवेलकरांना तो मुंबईचा रस्ताच होता. त्याच्या ताणलेल्या पोलादी तारांना पुढल्या काही वर्षांतच गंजाने धरले. शेजारी नवा पूल बांधावा लागला, तो १९९७ मध्ये खुला झाला. गोव्यात पणजीच्या मांडवी पुलाची कथा त्याहून भयंकर. १९७० सालचा तो पूल ५ जुलै १९८६ रोजी नदीत कोसळला आणि माणसे गेली. ह्या दोन्ही अपयशांचा दोष एकट्या सिमेंटच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. बांधणीतले दोषही होतेच. पण खारे पाणी आत येऊ देणारे काँक्रीट म्हणजे काय, हे आपल्याला त्यांनीच शिकविले.

उपाय मात्र कचऱ्याच्या ढिगात पडलेला होता. १८६२ साली जर्मनीत एमिल लांगेन ह्याला आढळले, की भट्टीतून निघालेला लोखंडाचा तप्त मळ पाण्यात झटकन निववला तर त्याला चुन्याच्या संगतीत सिमेंटसारखे घट्ट होण्याचा गुण येतो. हाच स्लॅग. आज आमच्या जिल्ह्यातच, पेणजवळ डोलवीला, तो पोलादाच्या भट्टीतून निघतो. दुसरा पदार्थ म्हणजे औष्णिक वीजकेंद्रांत दगडी कोळसा जळून उरणारी बारीक राख. भारताने १९६२ साली पोझोलाना सिमेंटचे मानक ठरविले. १९९९ साली केंद्र सरकारने राखेच्या वापराची अधिसूचना काढली. भंडारदऱ्याच्या बाजूला घाटघरला तर ज्या काँक्रीटचे धरण बांधले, त्यात सिमेंटहून राखच अधिक.

आणि तरीही गावात दुकानदाराला विचारा: “राखेचे नको, चांगले द्या,” असेच गिऱ्हाईक म्हणते. ह्यात गिऱ्हाइकाचा दोष थोडाच! १९८२ पर्यंत सगळे सिमेंट परमिटवर मिळे, आणि त्या टंचाईत काळ्या बाजारात राख मिसळलेली पोती खपत, असे वडीलधारी माणसे सांगत. ती भेसळ होती. ठरलेल्या प्रमाणात, तपासलेली, दळलेली राख ही भेसळ नव्हे. पुढे बाजारात ५३ ग्रेडचे सिमेंट आले. ते झटपट ताकद धरते, म्हणून कंत्राटदारांचे लाडके झाले. पण लवकर ताकद येणे आणि फार दिवस टिकणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. राख आणि स्लॅग सावकाश काम करतात. महिनोन्‌महिने ते मोकळा चुना खात राहतात, छिद्रे बुजवितात, आणि मिठाची वाट अरुंद होत जाते.

ह्याला मर्यादाही आहेत. गटारात जंतूंमुळे तयार होणारे गंधकाम्ल कोणत्याही सिमेंटला सोडीत नाही. फार तर राखेचे काँक्रीट थोडे सावकाश झिजते. शिवाय चुन्याचा साठा कमी झाल्याने, काँक्रीट विरळ राहिले तर हवेतला कर्बवायू सळईपर्यंत लवकर पोचतो. म्हणजे सगळा भार येऊन पडतो पाण्यावर. भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला निदान सात दिवस आणि राख वा स्लॅग असलेल्याला निदान दहा दिवस पाणी मारावे लागते. चौदा दिवस मारले तर उत्तम. पनवेलात स्लॅब पडतात ते बहुधा पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये. तेव्हा देहरंगचे धरण तळाला गेलेले असते, टँकरची वाट पाहण्यात दिवस जातो, तिसऱ्या दिवशी स्लॅबवरची गोणपाटे कोरडी पडतात, आणि कोणीतरी सुचवितो की शेजारच्या बोअरचे पाणी आहे ना. खाडीकाठची ती बोअर खारी असते.