विल्स : सिगारेटच्या पाकिटातून क्रिकेटच्या मैदानात

१/ १३ मार्च १९९६. ईडन गार्डन्सवर भारत-श्रीलंका उपांत्य सामना. मैदानात भिरकावलेल्या बाटल्या आणि रडत परतणारा विनोद कांबळी अनेकांच्या स्मरणात आहेत. त्या स्पर्धेचे अधिकृत नाव होते 'विल्स वर्ल्ड कप'. विल्स ही सिगारेट. दूरदर्शनवर सिगारेटच्या जाहिरातींना मज्जाव असताना हे नाव घरोघरी पोहोचले कसे? त्याचा हा धांडोळा.

२/ आरंभ इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात होतो. १७८६ साली हेन्री ओव्हर्टन विल्स तेथे तंबाखूच्या व्यवसायात उतरला. त्याच्या वंशजांनी १८८३ मध्ये अमेरिकन संशोधक बोनसॅक याच्या सिगारेट वळणाऱ्या यंत्राचे हक्क मिळवले. हाताने वळली जाणारी वस्तू आता यंत्रातून अखंड बाहेर पडू लागली. प्रश्न उत्पादनाचा उरला नाही. ग्राहक निर्माण करण्याचा झाला.

३/ त्या काळी पाकिटे मऊ कागदाची असत. सिगारेट मोडू नयेत म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालत. त्या तुकड्यावर चित्रे छापण्याची युक्ती निघाली. १८९६ मध्ये विल्सने ५० क्रिकेटपटूंचा चित्रसंच काढला. संच पुरा करायचा तर पाकिटे घेत राहणे आले; आणि ही चित्रे जमवण्यात मुले आघाडीवर होती. विश्वचषकाच्या बरोबर शंभर वर्षे आधीची ही गोष्ट!

४/ १९०१ मध्ये अमेरिकन स्पर्धेला तोंड देण्यासाठी विल्ससह १३ ब्रिटिश कंपन्या एकत्र आल्या आणि 'इम्पीरियल टोबॅको' उभी राहिली. १९१० मध्ये कलकत्त्यात 'इम्पीरियल टोबॅको कंपनी ऑफ इंडिया' स्थापन झाली. हीच आजची आयटीसी.

५/ स्वातंत्र्योत्तर काळात विल्सने मध्यमवर्गाला साद घातली. 'मेड फॉर ईच अदर' या मोहिमेत फिल्टर आणि तंबाखू यांची जोडी सुखी दांपत्याच्या रूपाने मांडली गेली. आदर्श जोडप्यांच्या स्पर्धाही भरल्या. १९७५ च्या कायद्याने पाकिटावर वैधानिक इशारा आला. जाहिरातीने आता दुसरी वाट धरली.

६/ ती वाट मैदानातून जात होती. १९७७-७८ च्या हंगामात 'विल्स ट्रॉफी' ही देशांतर्गत एकदिवसीय स्पर्धा सुरू झाली. नव्वदच्या दशकात भारतीय खेळाडूंच्या छातीवर विल्सचे नाव झळकू लागले. प्रक्षेपणात जाहिरात नव्हती, तरीही कॅमेरा जिथे वळे तिथे ती होतीच. नियम मोडला गेला नाही. तो निरुपयोगी ठरला.

७/ याचा परिणाम काय झाला? विल्स-पुरस्कृत भारत-न्यूझीलंड मालिकेनंतर गोव्यातील शाळकरी मुलांची पाहणी करण्यात आली. १९९६ मध्ये ती 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाली. अशा प्रायोजकत्वामुळे मुलांच्या मनात धूम्रपान आणि खेळ यांचे खोटे नाते जुळते व तंबाखू चाखून पाहण्याची शक्यता वाढते, असा तिचा निष्कर्ष होता.

८/ त्याच विश्वचषकात सचिन तेंडुलकरची बॅट कोरी होती. तंबाखूची जाहिरात करणार नाही, असे वचन आपण वडिलांना, म्हणजे कवी-प्राध्यापक रमेश तेंडुलकरांना, दिले होते, हे त्याने पुढे जाहीरपणे सांगितले आहे. बॅटवर काय असावे हे त्याच्या हाती होते. स्पर्धेचे नाव मात्र नव्हते.

९/ २००१ मध्ये केंद्राने बंदीच्या कायद्याची हालचाल सुरू केली आणि आयटीसी क्रिकेटच्या प्रायोजकत्वातून बाहेर पडली. २००३ च्या कायद्याने तंबाखूची जाहिरात व प्रायोजकत्व दोन्ही निषिद्ध केले. तोवर 'विल्स' हे नाव कपड्यांच्या दुकानांवर झळकू लागले होते.

१०/ १८९६ ची चित्रे आज संग्राहकांकडे आहेत आणि १९९६ ची क्षणचित्रे आपल्या मोबाईलवर. दोन्हींकडे आपण क्रिकेटचा वारसा म्हणून पाहतो, आणि ते खोटेही नाही. पण पुढच्या वेळी ती पाहताना, या चित्रांचा खर्च कोणी केला आणि कशासाठी, एवढे अवश्य विचारावे.