जुन्या रिव्हॉल्व्हरचे वय सांगणारा आकडा

जुन्या रिव्हॉल्व्हरवर कारखान्याचे नाव ठळकपणे कोरलेले असते; निर्मितीचे वर्ष मात्र बहुधा नसते. कोल्ट कंपनीच्या अनेक रिव्हॉल्व्हरांवर १८७१, १८७२ आणि १८७५ या सालांतील तारखा दिसतात आणि हौशी मंडळी त्यांनाच शस्त्राची जन्मतारीख समजतात. प्रत्यक्षात त्या पेटंटच्या तारखा आहेत. खरा पुरावा असतो तो अनुक्रमांकाचा.

अमेरिकेत या पुराव्याला कायदेशीर महत्त्वही आहे. १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यानुसार १८९८ अखेरपर्यंत तयार झालेले शस्त्र ‘पुरातन’ ठरते व केंद्रीय कायद्याच्या बहुतेक बंधनांतून सुटते. त्यामुळे एका वर्षाच्या फरकाने शस्त्राचा दर्जा बदलतो आणि अर्थातच किंमतही.

कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथे तयार झालेले कोल्टचे ‘सिंगल अ‍ॅक्शन आर्मी’ हे रिव्हॉल्व्हर या शास्त्राचा उत्तम नमुना मानता येईल. १८७३ मध्ये क्रमांक १ पासून सुरू झालेली ही मालिका १८९८ अखेरीस सुमारे १,८२,००० पर्यंत पोहोचली. १९४० च्या सुमारास उत्पादन थांबले, तेव्हा आकडा ३,५७,००० च्या पुढे गेला होता. १९५६ मध्ये उत्पादन पुन्हा सुरू करताना कंपनीने क्रमांकाच्या शेवटी ‘एसए’ ही अक्षरे जोडली. १९७८ मध्ये तीच अक्षरे क्रमांकाच्या आधी आली. म्हणजे अक्षरे आहेत की नाहीत आणि असल्यास कोणत्या बाजूला, यावरून पिढीचा ढोबळ अंदाज येतो.

क्रमांक केवळ एका ठिकाणी वाचून भागत नाही. सांगाड्याच्या तळाशी, चापाच्या कडीवर आणि मुठीच्या मागील पट्टीवर तो स्वतंत्रपणे उमटवलेला असतो. तिन्ही ठिकाणचे आकडे जुळले नाहीत तर भाग बदलले असल्याचा संशय येतो. मात्र या नियमालाही एक मोठा अपवाद आहे. १८९० च्या दशकात अमेरिकी लष्कराने घोडदळाकडील साडेसात इंची नळीची रिव्हॉल्व्हरे परत मागवून नळ्या साडेपाच इंचांवर आणल्या. ही कामे घाऊक प्रमाणात झाल्याने सुटे भाग एकमेकांत मिसळले. ‘आर्टिलरी मॉडेल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शस्त्रांत क्रमांक न जुळणे हीच सर्वसाधारण स्थिती. उलट सगळे आकडे नेमके जुळले, तर जाणकाराच्या भुवया उंचावतात.

जून १८७६ मधील लिटल बिगहॉर्नच्या लढाईत जॉर्ज कस्टर यांच्या सातव्या घोडदळाकडे हीच रिव्हॉल्व्हरे होती. त्या काळातील लष्करी निरीक्षक एन्सवर्थ यांची खूण असलेल्या शस्त्रांना म्हणूनच मोठी मागणी असते. जिथे मागणी तिथे बनावट, हे ओघाने आलेच. जुना आकडा घासून नवा ठोकल्यास त्या जागी धातू किंचित खोलगट होतो आणि अंकांचे वळण कारखान्याच्या ठशाशी जुळत नाही. कारखान्याच्या नोंदवह्यांवरून दिले जाणारे पत्र अधिक भरवशाचे. मात्र त्यात शस्त्र कारखान्यातून केव्हा रवाना झाले ते असते; तयार झालेला माल कित्येकदा बराच काळ गोदामातच पडून राही.

स्मिथ अँड वेसनच्या शस्त्रांत घोटाळा वेगळाच होतो. सिलिंडर बाहेर काढल्यावर सांगाड्याच्या खाचेत दिसणारा आकडा हा जुळणीपुरता असतो. खरा अनुक्रमांक मुठीच्या तळाशी शोधावा लागतो. त्यांच्या ‘मिलिटरी अँड पोलिस’ मॉडेलची मालिका १८९९ मध्ये सुरू होऊन १९४२ मध्ये दहा लाखांवर पोहोचली. पुढे युद्धकाळात ‘व्हिक्टरी’चे ‘व्ही’ हे अक्षर क्रमांकाआधी आले. असे एक रिव्हॉल्व्हर हातातून पडून गोळी सुटली आणि एक नौसैनिक दगावला, तेव्हा १९४४ च्या अखेरीस घोडा रोखणारी नवी यंत्रणा बसवण्यात आली. सुधारित शस्त्रांवर ‘एसव्ही’ अशी अक्षरे आहेत. या दोन अक्षरांनी वयाबरोबरच सुरक्षितताही कळते.

ब्रिटिश लष्कराने १९१५ मध्ये स्वीकारलेल्या वेब्ली मार्क सहा या शस्त्राने संशोधकांचे काम सोपे केले. त्याच्या सांगाड्यावर सालच कोरलेले असते.

भारतात मात्र शस्त्र केवळ जुने आहे म्हणून परवान्यातून सूट मिळत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मधील सवलत कालबाह्य वा पुरातन मूल्याच्या शस्त्राला लागू होते, पण ते दुरुस्तीनंतरही चालवता येण्याजोगे नसेल तरच. वाडवडिलांचे रिव्हॉल्व्हर चकचकीत करण्याच्या हौसेपायी अंक घासले जाऊ नयेत, याचीही काळजी घ्यावी लागते. कलम ८ नुसार ओळखखूण पुसणे हा गुन्हा आहे आणि खूण नसलेले शस्त्र ज्याच्या ताब्यात सापडेल, त्यानेच ती पुसली असे अन्यथा सिद्ध होईपर्यंत गृहीत धरले जाते.

अंक शाबूत राहिले तर काय साधते, हे इंदूरला दिसले. तेथील सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयात कोल्ट कंपनीचे एक पॉइंट ३२ पिस्तूल कित्येक वर्षे रंगाच्या थराखाली पडून होते. रंग काढल्यावर १६८८९६ हा क्रमांक दिसला आणि तो लाहोर खटल्याच्या नोंदींशी जुळला. १९२८ मध्ये साँडर्स याच्यावर भगतसिंग यांनी झाडलेले पिस्तूल ते हेच.