'कुठली घेऊ?' हा प्रश्न तसा नवाच आहे

मी आंबेगाव तालुक्यातल्या लोणीचा. नोकरी चाकणला, आणि सध्या बाईक बघतोय. मोबाईलवर ढीगभर मॉडेल्स दिसतात. पण आजोबांच्या काळात प्रश्न 'कुठली घेऊ' नव्हताच, 'नंबर कधी लागणार' हा होता!

कारण परवाना राज. कारखान्याने किती गाड्या बनवायच्या, हे सरकार ठरवायचं. आकुर्डीच्या बजाजने १९७२ मध्ये चेतक आणली, तर लोक बुकिंग करून वर्षानुवर्षं थांबायचे. त्याच वर्षी फिरोदियांची लूना आली. ५० सीसी, पेडलवाली. हलकी, पण लांबच्या रोजच्या रस्त्याला ती कशी पुरणार?

खरा फरक पडला १९८५ मध्ये. हिरो होंडा सीडी १०० आली, फोर-स्ट्रोक. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलात ऑइल मिसळायचं, वर थोडं पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून बाहेर जायचं. फोर-स्ट्रोकने ही गळती थांबवली. पुढे १९९१ मध्ये परवान्यांची अटही गेली.

आता हिशोब करा. समजा रोज जाऊन-येऊन ८० किलोमीटर, महिन्याला २५ दिवस. ४० चं अ‍ॅव्हरेज असेल तर ५० लिटर लागतं, ६० चं असेल तर साधारण ३३. हे वाचलेले १७ लिटरच ठरवतात, की घरी राहून नोकरी करायची की चाकणला खोली घ्यायची.

म्हणून मी आधी अ‍ॅव्हरेज बघतो, मग गावातला मेकॅनिक ती गाडी खोलतो का ते. लूक सगळ्यात शेवटी.

तुमच्या घरातली पहिली गाडी कुठली होती? घरच्यांना विचारा आणि नक्की कळवा!