घाव पाहून दिलेले होन : इंदापूर ते प्रतापगड

१/८
रणात पडलेल्या शिपायाच्या घरची चूल कोणी पेटती ठेवायची? आज या प्रश्नाचे उत्तर निवृत्तिवेतनाचे नियम देतात. सतराव्या शतकात भोसले घराण्याच्याच इतिहासात त्याची दोन उत्तरे दिसतात. पहिले इंदापुरात मिळते.

२/८
शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे भोसले हे निजामशाहीचे सरदार. ‘शिवभारता’नुसार इंदापूरच्या लढाईत ते धारातीर्थी पडले. मागे शहाजी आणि शरीफजी ही दोन लहान मुले राहिली. चुलते विठोजीराजे यांनी त्यांचा सांभाळ केला.

३/८
निजामशहाने घराण्याची जहागीर पुढे चालू ठेवली. भोसल्यांच्या या जहागिरीतले सुपे आज बारामती तालुक्यात आहे. पित्याने प्राण दिले, म्हणून पुत्रांचा निर्वाह चालला.

४/८
परंतु ही तरतूद सरदाराच्या घरापुरती होती आणि दरबाराच्या मर्जीवर टिकून होती. साध्या पाइकाचा पगार त्याच्या सरदाराच्या हाती असे. त्याच लढाईत पडलेल्या पाइकांच्या मुलाबाळांचे काय झाले, याविषयी इतिहास मौन बाळगतो.

५/८
दुसरे उत्तर प्रतापगडचे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफजलखानाचा पाडाव झाला. त्यानंतरची व्यवस्था कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत नोंदलेली आहे : मृतांच्या मुलांना चालवावे; पुत्र नसल्यास पत्नीस निम्मे वेतन द्यावे; जखमींना जखम पाहून २५, ५०, १०० वा २०० होन द्यावेत.

६/८
बखर घटनेनंतर जवळजवळ चार दशकांनी लिहिली गेली, हे ध्यानात ठेवावे. तरीही ‘निम्मे’ हा शब्द फार बोलका आहे. निम्मे ठरवायचे तर पूर्ण वेतन किती, हे सरकारी दप्तरात नोंदलेले असावे लागते. शिवरायांनी जहागिरीऐवजी खजिन्यातून रोख वेतन देण्यावर भर दिला. म्हणूनच साध्या शिपायाच्या जखमेचा आणि मरणाचाही हिशेब राज्याला ठेवता आला.

७/८
मृत शिपायाच्या मुलांच्या पोषणार्थ दिल्या जाणाऱ्या नेमणुकीस पुढे मराठी राज्यात ‘बालपरवेशी’ हे नाव रूढ झाले. आजचे कुटुंब निवृत्तिवेतन याच जातीचे. ‘जखम पाहून’ या तत्त्वाच्या जागी आता वैद्यकीय मंडळाने ठरवलेली अपंगत्वाची टक्केवारी आली आहे.

८/८
मात्र आज आणखी एक प्रश्न पडतो : अपंगत्व सेवेमुळेच आले, हे सिद्ध कोणी करायचे? भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर जवान तेव्हा निरोगी होता असे मानावे आणि पुराव्याचा भार त्याच्यावर टाकू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंह खटल्यात २०१३ साली सांगितले.
इंदापूर-बारामतीचे तरुण आजही सैन्यात जातात. इंदापुरात मालोजीराजांचे स्मरण करताना, ज्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत त्या पाइकांचेही स्मरण असावे.